मशालीचा मान

२ जानेवारी
प्राचार्यांचा फोन. कॉलेजला पन्नास वर्षं झाली, स्मरणिकेत क्रीडा विभागाचा इतिहास तुम्हीच लिहा म्हणाले. बरोबर आहे. याच कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालो आणि विद्यार्थी असताना याच ग्राउंडवर पळलो. शिवाय चोवीस तारखेला स्पोर्ट्स डे. त्या दिवशी एका जुन्या खेळाडूने मशाल घेऊन फेरी मारायची आणि स्टेजसमोरची ज्योत पेटवायची, ही आमच्याकडची पद्धत. यंदा कोण ते ठरायचंय म्हणाले. सूचक बोलले. उद्यापासून पहाटे पाचला रनिंग.

३ जानेवारी, सकाळी ९
थंडी फार. सोलापुरात थंडी पडत नाही म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं. उद्यापासून.

५ जानेवारी
इतिहास रंगतोय. ‘१९८८च्या क्रॉसकंट्रीत मंजुनाथ यांनी प्रतिकूल वाऱ्याला तोंड देत दुसरा क्रमांक पटकावला. पहिला क्रमांक अन्य एका विद्यार्थ्यास मिळाला.’

मंजुनाथ म्हणजे मी. अन्य एक म्हणजे बिरप्पा. मंगळवेढ्याकडचा. अनवाणी पळायचा, म्हणून सगळ्यांना कोण कौतुक! लहानपणापासून मेंढरांमागे पळलेला, म्हणजे फुकटचं कोचिंगच की. मी वडिलांच्या किराणा दुकानात बसून वाढलेला. याचा विचार कुणी केला?

फोटो एकच सापडला. पुढे बिरप्पा, छातीला रिबन. मागे मी, तोंड उघडं. बिरप्पाला कापून पाहिलं, तर मी कुणाच्या तरी कोपरावर ओरडतोय असं दिसायला लागलं. फोटो नको.

९ जानेवारी
घात. मशाल बिरप्पाला. एकमताने म्हणे. मी हसून ‘योग्य निवड’ म्हणालो. घरी येऊन जेवलो नाही. (नंतर जेवलो. कडक भाकरी, शेंगाचटणी. रागात भूक जास्त लागते.) महेश्वरी म्हणाली, अहो, अडतीस वर्षं झाली त्या रेसला. बायकोला स्पोर्ट्समधलं काही कळत नाही.

१२ जानेवारी
बिरप्पाचा फोन. गुडघा गेलाय, पळणं जमायचं न्हाय म्हणाला. मशाल मंजालाच द्या की, माझ्या पाठोपाठ त्योच हुता, असं प्राचार्यांना सांगितलंय. पाठोपाठ! मेहेरबानी करतोय. ताडकन नाही म्हणणार होतो. हो म्हणालो.

गुडघ्याचं वाईट वाटलं. फार नाही.

१५ जानेवारी
गच्चीवर लाटणं धरून सराव. स्टॅमिना अजून जबरदस्त आहे. महेश्वरीला चपात्यांसाठी लाटणं हवं असल्याने थांबावं लागलं.

१७ जानेवारी
गड्ड्याच्या यात्रेत नुसता चालायचा व्यायाम म्हणून गेलो. भजी खाल्ली. पळणाऱ्याला एनर्जी लागते.

२४ जानेवारी, संध्याकाळ
मशाल पितळेची निघाली. लाटण्याशी तिचं काही नातं नाही.

सावकाश फेरी मारा सर, ही काही रेस नाही, असं स्पोर्ट्सच्या सरांनी बजावलं होतं. मलाही ते मान्य होतं. पण स्टेजपाशी, सुरुवातीच्या रेषेजवळच, बिरप्पा काठी घेऊन खुर्चीत बसलेला. पळ की मंजा, असं ओरडला. त्यानंतर मला काय झालं कोण जाणे. मागून तो येतोय असंच वाटायला लागलं. सुसाट सुटलो. पोरं शिट्ट्या मारत होती. या ग्राउंडवर जन्मात पहिल्यांदा मी पुढे होतो.

शेवटच्या वळणानंतर फक्कीची पांढरी रेष हलायला लागली. मी खाली बसलो.

बिरप्पा काठी टाकून लंगडत आला. मशाल घेतली, दुसरा हात माझ्या काखेत घातला. ऊठ गड्या, ज्योत हितंच तर हाय, म्हणाला. गेलो त्याच्या मागे मागे. ज्योत त्याने पेटवली.

२५ जानेवारी
पेपरात फोटो आलाय. पुढे बिरप्पा, हातात मशाल. मागे मी, तोंड उघडं. खाली छापलंय, ‘क्रीडाज्योत पेटवताना माजी विजेते बिरप्पा. सोबत एक क्रीडाप्रेमी.’ प्राचार्य खूश. अठ्ठ्याऐंशीचा फोटो शोधा म्हणाले, दोन्ही शेजारी शेजारी छापू.

इतिहासाची पुनरावृत्ती होते, असं जन्मभर वर्गात सांगत आलो. पोरं झोपायची.

काखेत त्याचा हात आला तेव्हा बरं वाटलं. हे स्मरणिकेत घालायचं नाही.

दुपारी ‘अन्य एका विद्यार्थ्यास’ खोडून तिथे बिरप्पाचं नाव लिहिलं. प्रतिकूल वारा तेवढा ठेवलाय.