कॉपर स्वानच्या सावल्या

ब्राँक्स, न्यूयॉर्क
२३ सप्टेंबर १९७१

प्रिय ज्यूल,

आपलं ज्यू नवं वर्ष तुला आणि सिल्व्हियाला गोड जावो. माझा गुडघा बरा आहे. फ्रीडामावशी सगळ्यांना नावं ठेवण्याइतकी ठणठणीत आहे.

तुझं पत्र मिळालं. प्रायश्चित्ताच्या दिवसाआधी आपल्यात एकमेकांची क्षमा मागतात, म्हणून घाईने फोडलं. आत टाइप केलेला कागद होता आणि खाली माझ्या सहीसाठी रेघ. ‘लढाईच्या काळातल्या कॉपर स्वानच्या सर्व चित्रकथा माझ्या भावाने आघाडीवरून काढून पाठवल्या.’

ओहायोचे शाळामास्तर मिस्टर टिल्डन ‘ब्राइट बॅनर’ या आपल्या चित्रकथा-मासिकाचा इतिहास लिहीत आहेत, हे मला ठाऊक आहे. काल ते इथे येऊन गेले.

कचेरीतलं ते लांब टेबल तुला आठवत असेलच. चौसष्ट पानं, सहा अचाट वीर आणि आपण आठ जण. एकाची पेन्सिल, दुसऱ्याची शाई, तिसऱ्याच्या इमारती, माझ्या चौकटी आणि संवादाच्या फुग्यांतली अक्षरं. तू सैन्यात गेलास तेव्हा मालक क्रेव्हिट्झ म्हणाले, “एस्टेल, भावाची स्वान आता तू काढ. नाव मात्र त्याचंच. उडणारी बाई पोरं खपवून घेतात, चित्रं काढणारी नाही.” सगळे हसले. मीही हसले. तीन वर्षं पानाखाली तुझं नाव लिहिलं, तुझ्यापेक्षा सुबक.

मूळ पानं आता कुठेच नाहीत, असं तू मास्तरांना सांगितलंस. खरं आहे. युद्धासाठी रद्दी गोळा करणारी गाडी आली तेव्हा ती पानं मीच दिली. त्या लगद्यातून काडतुसांची खोकी होतात, असं ऐकलं होतं. तू इटलीत होतास.

“आपण तेव्हा चौकटी आखायच्या ना?” मास्तरांनी विचारलं. “आपले भाऊ म्हणाले.”

“आखायचे,” मी म्हटलं.

चहा झाल्यावर त्यांनी वही पुढे केली. आठवण म्हणून काहीतरी हवं होतं. मी स्वानचा एक पंख काढला आणि त्याखालची सावली रेघांनी भरली. ते बघतच राहिले. मग त्यांनी पिशवीतून एक्केचाळीसचा अंक काढून वहीशेजारी ठेवला, त्यापुढे चव्वेचाळीसचा. एक्केचाळीसच्या सावल्यांमधल्या रेघा उजवीकडे कलतात. चव्वेचाळीसच्या डावीकडे, वहीतल्यासारख्या.

“बाई, आपण डावखुऱ्या?”

“रविवारी भावाकडे जाताय ना? त्यालाच विचारा.”

मी एवढंच बोलले. बाकीचं मी त्यांना सांगणार नाही.

आई माझा डावा हात पट्ट्याने खुर्चीला बांधायची तेव्हा गाठ सोडायला तूच यायचास, म्हणून तू विसरला असशील असं मला म्हणता येत नाही. तू युद्धावरून परत आल्यावर मी तुझी खुर्ची रिकामी केली. तू दौत उघडलीस, निबा उजेडात धरल्यास आणि म्हणालास, “एस्टी, सगळ्या उलट्या बाजूने झिजवल्यास की!” त्या तीन वर्षांबद्दल तू मला बोललेलं तेवढं एकच वाक्य. ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती, हे मीही तुला कधी बोलले नाही.

कागद सही न करता परत पाठवते आहे. खालची रेघ चांगली सरळ आहे, तुझं नाव तिथे बसेल. वरचा मजकूर मात्र नवा लिहावा लागेल. मास्तर रविवारी येतील. प्रायश्चित्ताचा दिवस बुधवारी आहे.

चौकटी आखणारी तुझी बहीण,
एस्टेल