सायेबाचा डोज

बाबा, आज दुपारी माझं सर्टिफिकेट आलं. परदेशातल्या एका विद्यापीठाचं, जागतिक आरोग्य या विषयातलं, पदवीनंतरचं, घरबसल्या केलेलं. घरबसल्या म्हणजे नेर तालुक्यातल्या आमच्या सरकारी दवाखान्यात, लसींच्या फ्रीजशेजारच्या खिडकीत बसून, कारण रेंज तेवढ्याच जागी येते. आईने लगेच पेढे मागवले, शेजारीपाजारी वाटले, एक तुमच्या फोटोपुढे ठेवला आणि म्हणाली, तुह्या बाबाले लय आनंद झाला असता. मी पेढा तोंडात घातला होता. तो गिळवेना. मोरीत जाऊन थुंकून आले आणि आईला सांगितलं, खवा जुना होता. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. म्हणून हे लिहायला बसले.

कोर्स हौसेने केला असं समजू नका. तुम्ही गेलात तेव्हा मी आयुर्वेदिक कॉलेजला होते. पुढे डॉक्टर झाले, कंत्राटावर लागले, आणि दरवर्षी कंत्राट वाढवून द्या म्हणून साहेब लोकांपुढे हात जोडण्यातच माझी निम्मी नोकरी गेली. जिल्ह्याच्या कार्यालयात एक पक्की जागा निघणार होती आणि तिला असं काहीतरी सर्टिफिकेट लागणार होतं. म्हणून नाव घातलं. दिवसभर ओपीडी, लसीकरण, बाळंतपणं, आणि मधल्या वेळात खिडकीत बसून ती भाषणं ऐकायची. जगाच्या दुसऱ्या टोकाची एक बाई गरम कपड्यात बसून हसतमुखाने सांगते की आरोग्य हा सगळ्यांचा समान प्रवास आहे, आणि माझ्या मागे दारात एक म्हातारी विचारत उभी असते की बाई, गोळ्या आल्या का. सोबत शिकणारे देशोदेशीचे. कुणी पंधरवड्यासाठी एखाद्या गरीब देशात जाऊन आलेला असे आणि तिथल्या उघड्यानागड्या पोरांना मांडीवर घेऊन काढलेले फोटो टाकत असे. त्याखाली सगळे लिहायचे, किती प्रेरणादायी. मीही लिहायचे. चर्चेत भाग घेतल्याचे मार्क होते.

शेवटचा प्रकल्प आपापल्या भागातल्या एका आरोग्यप्रश्नावर करायचा होता. मी फवारणीतून होणाऱ्या विषबाधेचा विषय घेतला. आपल्याकडे दुसरा कुठला घेणार? आणि विषय घेतल्या घेतल्या तुमचं कीटकनाशकांचं दुकान नाकात शिरलं.

मला आठवतं तसं ते असं आहे. बोंडअळीने सगळा कापूस पोखरून काढलेली ती वर्षं. बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर तुमचं कृषी केंद्र, आणि काउंटरपुढे सकाळपासून गर्दी. कुणाच्या हातात किडलेलं बोंड, कुणाच्या हातात आकसलेलं पान. तुम्ही बीएस्सी अॅग्री, त्यामुळे तुम्ही सायेब. बोंड उलटसुलट करून पाहता, डोळे बारीक करता, आणि डबे काढून देता. वैद्याकडे गेल्यासारखी माणसं तुमच्या तोंडाकडे पाहतात. पण त्या वर्षांत कंपनीची नवी महाग दवा आली, तिला वासच नव्हता. लोक ती परत घेऊन यायचे. सायेब, हे तं पाणी देलं तुमी. आपल्याकडे दवा नाकाने पारखतात. वास डोक्यात गेला, डोळ्यात पाणी आलं, तर ती कडक. तुम्ही त्यांना चार वेळा समजावून पाहिलंत, मग समजावणं सोडलं आणि उपाय काढलात. नव्या दवेत ती जुनी, स्वस्त, घाण वासाची दवा थोडी मिसळायला सांगू लागलात. अळीसाठी तिची काही गरज नव्हती. गरज होती गिऱ्हाइकाच्या नाकाला. गिऱ्हाईक खूश, तुमचे दोन्ही डबे खपले, आणि चार गावांत नाव झालं. सायेबाचा डोज.

आता घरातलं सांगते. संध्याकाळी तुम्ही पुढच्या दाराने कधीच आत आला नाहीत. मागच्या अंगणात शर्ट काढून तारेवर टाकायचा, तो बाकीच्या कपड्यांत मिसळायचा नाही. आई तांब्याने पाणी घालते आहे आणि तुम्ही कोपरापर्यंत साबण चोळून हात धुता आहात, नखं घासता आहात, पुन्हा साबण लावता आहात. मग स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसायचं आणि माझ्या ताटात तुमच्या हाताने भाकरी कुस्करायची. मला तेव्हा वाटायचं, आपले बाबा किती स्वच्छ. पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनना हात धुताना पाहिलं, तेव्हाही मला तुमची आठवण आली होती आणि अभिमान वाटला होता. आता त्या अभिमानाचीही शिसारी येते.

आणि तो दिवस. मी शाळेतून दुकानात आले होते. काउंटरवर डब्याचं झाकण पडलेलं, ते मी गिऱ्हाइकांसारखं नाकाला लावलं. तुम्ही कधी हात न उगारणारे, पण त्या दिवशी अशी थप्पड दिलीत की कान सुन्न झाला. मग मला ओढत नळावर नेलंत, नाकतोंड साबणाने धुतलंत. "मराचं हाये का तुले? कितीदा सांगतलं, या डब्यायजवळ याचं नाही." मी रडत होते. तुम्ही तसेच ओल्या हातांनी काउंटरवर परत गेलात, आणि तिथे थांबलेल्या माणसाने विचारलं की सायेब, दवा मारताना तोंडाले फडकं बांधू का. तुम्ही म्हणालात, "काही होत नाही गा, मार बिनधास्त."

बाबा, हे दोन्ही एकाच तोंडातून निघालं, आणि मधे नळ बंद करण्याइतकासुद्धा वेळ गेला नाही.

कोर्स चालू असतानाच्या फवारणीच्या हंगामात तांड्यावरचा एक तरुण माणूस आमच्याकडे आणला. दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारायला जायचा. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे वर मारलेलं सगळं त्याच्याच अंगावर पडलं होतं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, शर्ट भिजलेला. मी वाकले आणि काही विचारायच्या आत मला कळलं त्याने काय मारलंय. तो वास मी झोपेतही ओळखीन. शर्ट कापून काढायला लावला, अंग धुवून घेतलं, उतारा म्हणून अट्रोपीन टोचत राहिले. त्याच्या बायकोला विचारलं, दवा कुठली होती. ती बिचारी मला धीर देत असल्यासारखी म्हणाली, "चांगलीच होती बाई. मालकाले सायेबाचाच डोज मांगतला होता आमी. वासबी मस्त येऊन राह्यला होता."

तुमचं दुकान बंद होऊन जमाना झाला. तिथे आता मोबाइलवाला बसतो. पण तुमचा डोज कुठल्याही दुकानात मागा, देतात. सायेब कोण, हे त्या बाईला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. यवतमाळला नेताना तो माणूस अॅम्ब्युलन्समध्येच गेला.

हे सगळं मी प्रकल्पात लिहिलं. त्याचं नाव न देता, तुमचंही न देता. तुम्ही त्यात ‘स्थानिक विक्रेता’ आहात. ते मिश्रण कसं सुरू झालं, वासाचं काय, ती तोंडोतोंडी कशी पसरली, सगळं. त्या हसतमुख बाईने त्यावर टाळ्या वाजवणाऱ्या हातांचं चित्र टाकलं. माणूस फेस येऊन मेला त्या परिच्छेदाखाली टाळ्या. वर लिहिलं, अप्रतिम क्षेत्रकार्य. मी लॅपटॉप मिटला, हात धुवून आले आणि पुन्हा उघडला, कारण खाली तिचा एक प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय प्रकल्प पुरा होणार नव्हता. विक्रेत्याला धोक्याची कल्पना होती का? होती म्हटलं तर शिफारस कारवाईची करायची. नव्हती म्हटलं तर प्रशिक्षणाची. मार्क दोन्हीला सारखेच, हे तिने मोठ्या प्रेमाने कळवलं होतं.

मी आईला विचारलं. भाजी निवडत होती. हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "नसन माईत त्यायले. माईत असतं तं इकलं असतं का?" आणि उठून आत गेली. तांब्याने पाणी घालणारी तीच, बाबा. तिच्याकडे पाहायलाही मला नको झालं. पंचवीस वर्षं तुमच्यासोबत संसार करून बाईला एवढंच शिकता आलं, की काय पाहायचं नाही.

त्यानंतर आठवडाभर मी ते उत्तर लिहीत आणि खोडत होते. होती, असं लिहायचं ठरवून बसायचे. पुरावा माझ्याच गालावर होता. तो तांड्यावरचा माणूस डोळ्यांपुढे आणायचे, त्याची बायको आणायचे. उत्तर द्यायची मुदत संपत आली, तेव्हा शेवटी एका दमात लिहिलं आणि पाठवून दिलं. विक्रेत्याला धोक्याची कल्पना नव्हती.

मी पास झाले. जिल्ह्याची जागा बहुतेक मिळेल. अर्जाला मी हा प्रकल्प जोडला होता, त्यामुळे त्या नोकरीत माझं पहिलं काम माझ्याच शिफारशीतून निघालंय, कृषी केंद्रवाल्यांचं प्रशिक्षण. मी त्यांच्यापुढे उभी राहून सांगणार की दोन दवा मिसळू नका, त्याने माणूस मरतो. ते माना डोलावणार, चहा-बिस्किटं खाणार आणि घरी जाऊन कोपरापर्यंत हात धुणार.

हे तुम्हाला पाठवता येण्यासारखं असतं, तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही वाचून गप्प बसला असता आणि मला ते सहन झालं नसतं. त्या दुकानाची मला किळस येते, त्या टाळ्यांची येते, सर्टिफिकेटाची येते, तुमची तर येतेच. पण ते एक खोटं वाक्य लिहून झालं तेव्हा मला बरं वाटलं होतं, बाबा. अजून वाटतं.