मधल्या जहाजातली खोट

२ सप्टेंबर, सोमवार

शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. घड्याळ मंडळाचं यंदाचं संमेलन जहाजावर, आणि जहाज निवडायचं मी. मला पोहता येत नाही. बस पुलावर चढली तरी मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसतो.

आमचे सचिव दातांचे डॉक्टर आहेत. सभेत म्हणाले, "काका, दर वर्षी हॉलच्या खुर्च्यांपासून पंख्यांपर्यंत सगळ्यात खोट काढता. या वेळी आधीच काढून ठेवा, म्हणजे आम्ही सुटलो." सगळे हसले. दहा-दहा सगळ्यांत मोठ्याने. त्याच्या मिशांची टोकं दोन्हीकडे वर वळलेली असतात, दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखी. हे नाव मीच ठेवलं होतं. त्याला ते इतकं आवडलं की आता तो मिशांना तेल लावतो.

एकशे साठ माणसं. पाच रात्री पाण्यावर. चौदा नोव्हेंबरला निघायचं. तीन जहाजं बघायची आहेत.

घरी येऊन हिला सांगितलं. भाजी चिरत होती, ती थांबली. "म्हणजे आपणही जायचं?"

"आधी निवडायचं. जायचं मग बघू."

परत चिरायला लागली.

४ सप्टेंबर, बुधवार

नवी वही आणली. डाव्या पानावर जहाज, उजव्या पानावर दोष. शिक्षण सातवीपर्यंतच, पण यादी करावी ती मीच. कारखान्यात तेहतीस वर्षं तपासनीस होतो. वाकडा स्क्रू माझ्या टेबलाच्या पुढे कधी गेला नाही.

सचिवांनी सगळ्यांची कागदपत्रं आणि फोटो मागितले. आमच्या दोघांची देऊन आलो. ही दोनदा विचारून गेली, दिली ना, दिली ना. दिली. देण्यात काय जातं.

८ सप्टेंबर, रविवार

चावीचा दिवस. त्रेचाळीस घड्याळं, सकाळी सात ते नऊ. चावी पाच तोंडांची आहे, प्रत्येक घड्याळाला वेगळं तोंड लागतं. एक फेरा जास्त झाला की स्प्रिंग गेली. म्हणून ती माझ्याच खिशात असते. सेहेचाळीस वर्षांत हिने ती एकदा मागितली, मला ताप असताना. "सांगा तसं फिरवते," म्हणाली. नाही दिली. उठून मीच फिरवली, मधेमधे भिंतीला टेकत.

शेजारीण जिन्यात भेटली. निवृत्त नर्स. "दुपारचे बारा तुमच्याकडे चार मिनिटं वाजत असतात," म्हणाली. म्हटलं, त्रेचाळीस जणांचं एकमत व्हायला तेवढा वेळ लागणारच.

१४ सप्टेंबर, शनिवार

मोठं जहाज पाहिलं. जहाज कसलं, गावच! सतरा मजले, तीन हजार माणसं. आमचं मंडळ त्यात मिठासारखं विरघळून जाईल. लिफ्टमध्येही गाणी चालू. टिकटिक ऐकायची कुठे? जहाज कंपनीची बाई चांगली आहे, चटचट चालते. मी तीनदा हरवलो, तिसऱ्यांदा तिने माझी बाहीच धरून ठेवली.

दोष: एकोणीस. बाद.

२१ सप्टेंबर, शनिवार

छोटं जहाज. सभागृह तळाशी, जिना एकच. गोल खिडकीतून पाहिलं तर पाणी डोळ्यांच्या रेषेत. म्हणजे आपण पाण्याखाली उभे आहोत, हे मला तिथे कळलं. बाईला म्हटलं, वर जाऊन बोलू. ती म्हणाली, "काका, जहाज बांधलेलं आहे हो." बांधलेलं असेल. दोरीच ती.

दोष: चौदा. बाद.

आता एकच उरलं. तेही बाद झालं तर नेहमीचा हॉल आहेच. पंख्याचा आवाज आहे, पण पाय जमिनीवर.

२८ सप्टेंबर, शनिवार

मधलं जहाज. या वेळी ही म्हणाली, मी येते. नवी चप्पल घालून आली.

सभागृह चांगलं. छत बुटकं, खाली जाड गालिचा, शांत. जिने दोन, दोन्हींना कठडे. डॉक्टर आहे, खाटा दोन. जीवरक्षक नावा मोजल्या, त्यांतल्या जागा मोजल्या. माणसं आठशे, जागा अकराशे. परत मोजल्या. तेवढ्याच.

मग बाईने खोली दाखवली. चौथा मजला, जहाजाच्या बरोबर मध्यावर, ४१८. म्हणाली, इथे हालचाल सगळ्यात कमी. ही खिडकीजवळच्या पलंगावर बसली, पर्स मांडीवर घेऊन, दवाखान्यात नंबरची वाट बघतात तशी. मी कड्या बघितल्या, नळ बघितले, दाराखालची फट बघितली. पाऊण तास झाला. उजवं पान कोरं.

ही म्हणाली, "पाणी दिसतं, पण आवाज नाही."

कोरं पान मला बघवत नव्हतं. पिशवीत माझं छोटं लंबकाचं घड्याळ होतं. भिंत लोखंडी, खिळा ठोकता येत नाही. बाईने चुंबकाचा आकडा दिला, त्यावर टांगलं. लंबक हलवून दिला. टिक — टक. टिक — टक. मग टिक जरा लांबली. मग लंगडायला लागलं. अकराव्या मिनिटाला थांबलं.

जहाज धक्क्याला बांधलेलं असताना ही गत. समुद्रात काय होईल? आणि आमच्या संमेलनाचा मोठा सोहळा म्हणजे शेवटच्या दिवशी सगळी लंबकाची घड्याळं दुपारी बाराला एकदम वाजवायची! एकशे साठ घड्याळवेडे, आणि कुणाच्याच डोक्यात आलं नाही की लंबकाला स्थिर भिंत लागते.

मी वळलो. ही माझ्याकडे बघत होती.

"सापडलं वाटतं," म्हणाली.

२९ सप्टेंबर, रविवार

चाव्या दिल्या. लक्ष नव्हतं. स्वयंपाकघरातल्याला दोनदा द्यायला निघालो होतो.

काल घड्याळ थांबलं तेव्हा मला आनंद झाला. हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे सांगायची सोय नाही.

ही रागावली नाही. येताना बसमध्ये म्हणाली, "तुम्ही खोट काढता ती खरीच असते. म्हणून तर मला कधी काही बोलता आलं नाही." डोंगरावर जायचं होतं तेव्हा दवाखाना चाळीस किलोमीटर लांब होता. खरंच होता. तलावाकाठी जायचं होतं तेव्हा तिथल्या जिन्याला कठडा नव्हता. तिच्या भावाने बोलावलं तेव्हा परतीची गाडी रविवार ओलांडून होती, मग चाव्या कोण देणार? मी खोटं कधीच बोललो नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

सचिवांचा फोन. "काका, मधलं पक्कं ना?" म्हटलं, रविवारी सांगतो.

सांगितलं नाही तर? सोहळा फसेल, आणि तपासायला गेलो होतो मी. सांगितलं तर जहाज गेलं. हिला विचारावं असं दोनदा मनात आलं. काय विचारणार?

६ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

आधी कुणी मानेना. मग मी टेबल जरासं हलवलं आणि त्यावरचं लंबकाचं घड्याळ लंगडून दाखवलं. सभेत एकच गोंधळ. तोल-चक्राची, म्हणजे बिनलंबकाची घड्याळं बाळगणारे खूश. त्यांना दर वर्षी कोपऱ्यातलं टेबल मिळतं. एक जण म्हणाला, "यंदा आमचीच वाजवा की!" मग मी लोखंडी भिंतीचं आणि चुंबकाच्या आकड्यांचं सांगितलं. चुंबकाजवळ त्यांची बारीक स्प्रिंग बिघडते. तेही खाली बसले.

दहा-दहा उठला, माझी पाठ थोपटली. "या माणसाने मंडळाची लाज राखली." हात वर करून मतं घेतली. जहाज रद्द. डिसेंबरात नेहमीच्या हॉलमध्ये.

घरी सांगितलं. ही म्हणाली, "बरं."

९ ऑक्टोबर, बुधवार

ही नेहमीसारखीच आहे. जेवण वेळेवर, चहा वेळेवर. नवी चप्पल खोक्यात घालून कपाटावर ठेवलेली दिसली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

"ती तुमची वही कुठे आहे? जहाजांची?"

"कशाला?"

"रद्दी काढतेय."

म्हटलं, ती रद्दी नाही, जपून ठेव. कशासाठी जपायची ते मलाही सांगता आलं नसतं. तिनेही विचारलं नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

चावी देताना ही मागे उभी होती. "मोठ्याला किती फेरे?" चौदा. "आणि दारावरच्याला?" अकरा, आणि सावकाश. ऐकत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी एकेकाचं सांगत गेलो, तिने कागदावर लिहून घेतलं. त्रेचाळीस ओळी झाल्या. मला बरं वाटलं. उगाचच.

तो कागद सध्या फळीवर डब्याखाली आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

चाव्या दिल्या. मोठ्याचा आवाज जरा बसलाय. तेल द्यायला हवं. छातीतही धडधड वाटली. शेजारणीने नाडी बघितली, म्हणाली, "तुमच्या घड्याळांपेक्षा नीट चालू आहे."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

ही सकाळी नऊला गेली. बहिणीकडे जाते म्हणाली. बॅग घेतली. "मंगळवारी येते. जेवण दोन दिवसांचं करून ठेवलंय." दोन दिवसांचंच का, हे विचारायला हवं होतं. जिन्यातून खाली जाताना तिच्या पायात नवी चप्पल होती.

दहाला वही काढायला गेलो. नुसतं बघायला. वही आहे. मधल्या जहाजाचं डावं पान नाही. पट्टी लावून नीट फाडलंय. उजवं, दोषांचं, जागेवर आहे. त्यावर एकच ओळ: लंबक अकरा मिनिटांत थांबतो.

गुरुवार ते मंगळवार. बोटांवर मोजलं. पाच रात्री.

तिच्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "इकडे? नाही बाई, माझ्याकडे कुठे येणार होती?"

मीच तपासून दिलेलं जहाज. नावा मी मोजल्या, कठडे मी हलवून बघितले. एकटी गेली असेल तर तिला काही होणार नाही, हे या जगात सगळ्यांत जास्त मला माहीत आहे. तरी अक्षर बघा कसं आलंय.

जहाज कंपनीच्या बाईला फोन लावतो.

१४ नोव्हेंबर, दुपार

बाई म्हणाली, "काका, काकू कधीच्या येऊन बसल्यात. ४१८ दोघांच्या नावाने आहे, मंडळाकडे दिलेले तुमचे कागद त्यांनी महिन्यापूर्वीच आणून दिले. मला म्हणाल्या, त्यांना आधी कळवू नका, खोट काढत बसतील."

जहाज चारला सुटतं. आता बारा वाजून दहा. घड्याळांची चावी आणि डब्याखालचा कागद शेजारणीकडे दिला.