आणखी चार वर्षांची वॉरंटी

३ नोव्हेंबर

"नको बहुतेक. एवढी लागायची नाही आम्हाला."

फुसाए फोनवर म्हणाली. स्वयंपाकघरातून. मधलं दार अर्धं उघडं होतं. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही, असंच वाटतं लोकांना – बायकोलाही!

फोन हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानाचा. या लॅपटॉपची एक वर्षाची वॉरंटी तीस तारखेला संपते. त्याआधी पैसे भरले तर आणखी चार वर्षं मिळतात. नंतर नाही.

चार वर्षं. एवढी लागायची नाही.

म्हणजे तिने मनात धरूनच ठेवलंय.

५ नोव्हेंबर

परवा डोळे थकले, पुढे लिहवेना. पडद्याखालचा कॅमेरा माझी बुबुळं बघतो. ज्या अक्षराकडे बघेन ते उमटतं. हात गेले, पाय गेले, उन्हाळ्यात जीभ गेली. डोळे तेवढे शाबूत. मी लिहायचं आणि लॅपटॉपने मोठ्याने वाचायचं – कुठल्यातरी तरण्या पोराच्या आवाजात! ही फाईल मात्र तो वाचत नाही. ही माझी एकट्याची.

गंमत बघ. चौतीस वर्षं कुरायोशीत विजेच्या वस्तूंचं दुकान चालवलं मी. वाढीव वॉरंटी एकदाही विकली नाही. "अहो काकी, चांगल्या मालाला पाच वर्षं काही होत नाही. आणि बिघडलाच तर तोकुनागा आहे ना!" काकी खूश. आता तोकुनागाच पलंगावर. बोलवायचं कुणाला?

डॉक्टर कुवामोतो गेल्या महिन्यात म्हणाले, श्वासाचे स्नायू थकत चाललेत. गळ्याला भोक पाडून नळी घालायची, श्वासाचं यंत्र लावायचं. मग कितीतरी वर्षं जगता येतं. नाही लावलं तर फार तर वसंतापर्यंत. "पण एकदा लावलं की काढता येत नाही, तोकुनागा-सान. पुढे तुम्ही कितीही विनवलंत तरी मला थांबवता येणार नाही. वर्ष संपायच्या आत सांगा."

फुसाएला विचारलं होतं, काय करू? "तुम्ही ठरवाल ते." चेहरा नेहमीचा. तांदूळ धुवायला गेली.

८ नोव्हेंबर

श्वास जड. आज एवढंच.

१२ नोव्हेंबर

चिगुसा आली फुकुओकाहून. पोरीने खेकडा आणला – हंगामातला पहिला! फुसाएने त्याचं सार घट्ट करून चमच्याने भरवलं. "बाबा, गरम आहे हं, हळू." चव लागली. डोळे असे भरून आले की कॅमेऱ्याला बुबुळं सापडेनात. थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही.

दुपारी दोघींना वाटलं मी झोपलोय.

"आई, घेऊन टाक ना ती वॉरंटी. बाबांचं तोंडच आहे ते!"

"नाही घ्यायची."

"अगं पण का? मी भरते पैसे."

"पैशाचं नाही."

"मग?"

भांडं आपटलं. "मला विचारू नकोस, चिगुसा."

नाही विचारलं तिने. मीही डोळे मिटून राहिलो. कळलं मला.

१७ नोव्हेंबर

ठरलं. यंत्र नको.

फुसाएकडे बघवत नाही. दर दोन तासांनी मला कुशीवर वळवते. लाळ खेचायची, अंग पुसायचं, कपडे बदलायचे. कंबरेला पट्टा, मनगटाला पट्टा. सलग झोप म्हणून नाही. नळी घातली की गळ्यातला कफही खेचायला हवा. तोही दिवसरात्र. चार वर्षं! कुणाला हवीत?

वाक्य तयार केलं. वीस मिनिटं लागली. "यंत्र नको. विचार करून सांगतोय. फुसाएला कुणी दोष देऊ नका." जपून ठेवलं. सव्वीसला डॉक्टर येतील. नुसती नजर टेकवायची, लॅपटॉप वाचून दाखवेल.

मला मरायचं नाहीये.

हे फक्त इथे लिहितो. मरायचं नाहीये मला!

२४ नोव्हेंबर

लॅपटॉप आज परत आला. वीस तारखेला लिहिता लिहिता पडदा काळा झाला. चार दिवस दुकानात. वॉरंटी चालू होती, फुकट दुरुस्त झाला. फाईल जशीच्या तशी.

ते चार दिवस कसे काढले, मलाच माहीत. चिगुसाही परत गेलेली. अक्षरांची पारदर्शक पाटी मधे धरायची, मी अक्षराकडे बघायचं, फुसाएने पलीकडून ओळखायचं. तिला धीर कुठला! मी 'उ'कडे बघितलं.

"उकडतंय?" खिडकी उघडली. बाहेर कडाक्याची थंडी!

पुन्हा 'उ'.

"उठायचंय?"

उशी, बाई! उशी!

तिसऱ्या खेपेला कळलं. हसायला लागली. मीही आतल्या आत. तिचं हसू थांबेचना, आणि मग ते हसू राहिलं नाही. खुर्ची ओढून बसली. मला उत्तर देता येत नव्हतं, म्हणूनच बोलली असेल.

"मी दमलेय हो. काल दुकानात रांगेत उभ्याउभ्या झोपले. कधीकधी वाटतं, संपू दे एकदाचं. आणि सकाळी तुमचा श्वास ऐकू येईपर्यंत माझाच अडकलेला असतो. दोन्ही खरंय. काय करू मी?"

तिने माझी उशी सरळ केली.

"त्या वॉरंटीचं ऐकलंत ना तुम्ही? ऐकलंतच. दुकानवाल्याला टाळायचं म्हणून तसं म्हटलं. मी ती घेतली असती तर तुम्हाला वाटलं असतं, हिने ठरवून टाकलं, आता जगायलाच हवं. माझ्यासाठी म्हणून हो म्हटलं असतंत. आणि मग नको झालं तर? काढता येत नाही ते! माझ्या हट्टापायी तुम्ही अडकून पडायला नको."

मी पापणी मिटली. आमच्यात त्याचा अर्थ 'हो'. कशाला हो म्हटलं, मलाही ठाऊक नाही.

२६ नोव्हेंबर

डॉक्टर आले. वाक्य तयार होतं. नजर टेकवायची तेवढी बाकी. नाही टेकवली.

"अजून ठरत नाही," एवढंच लिहिलं.

फुसाए चहा ओतत होती. हात थांबला.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले, "पण आजचे आकडे चांगले नाहीत. फार ताणू नका."

२९ नोव्हेंबर

फुसाए दुपारी पिशवी घेऊन समोर उभी. "उद्या शेवटचा दिवस आहे. दुकानदार म्हणून सांगा – घ्यावी का?"

मी लिहिलं, "दुकानदाराला विचारशील तर नको. पडदा नवा बसलाय. बाकी माल पक्का आहे."

लॅपटॉपने खणखणीत वाचून दाखवलं.

"बरं," म्हणाली. पिशवी खुंटीला लावली. वाळत घातलेले कपडे काढायला गेली. कितीतरी वेळ आलीच नाही.

तिने विचारलं काय आणि मी सांगितलं काय! गाढव माणूस. सदतीस वर्षांचा संसार. ती म्हणते, तुम्ही ठरवाल ते. मी ठरवतो. दुकान काढलं तेव्हाही, बंद केलं तेव्हाही. तिला काय हवंय, हे एकदाही विचारलं नाही मी.

३० नोव्हेंबर

सकाळी विचारलं. "माझं राहू दे. तुला काय हवंय?"

ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "चार वर्षं. त्याहून कमी नको."

घरी येणाऱ्या नर्सला माझ्याजवळ बसवून बसने दुकानात गेलीय. आली की डॉक्टरांना फोन लावायला सांगतो. नळी घालू या.