कॅबिनेटवरचं लाल कुलूप

अण्णा,

तुमचं कुलूप मी रविवारी सकाळी तोडलं. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, पण दादाच्या गेमिंग कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर ते तुमचा फोटो असलेल्या कंपनीच्या टॅगसकट तसंच लटकत होतं. टॅगवर लिहिलेलं होतं, 'धोका. काम चालू आहे.' तिथे काम कधीच चालू नव्हतं.

दादा हल्ली पुनावळ्याला राहतो. रविवारी आला तो कॉम्प्युटर गाडीत घालूनच. गेम सुरू केला की पाच-सात मिनिटांत आपोआप बंद पडतो म्हणाला. "बघ बाई. दुरुस्त होत असेल तर कर, नाहीतर मी नवीनच घेतो. तू भंगार म्हणालीस तर भंगार." अकरा वर्षांत त्या मशीनबद्दल माझं मत या घरात पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. मी चहा संपवला आणि म्हटलं, आधी उघडून बघावं लागेल. तो कुलपाकडे बघून हसला. "मग अण्णांची परवानगी आण."

ज्या दिवशी तुम्ही ते कुलूप लावलंत तो दिवस मला पूर्ण आठवतो. मी नववीत आहे. दादा क्लासला गेलाय. थेरगावच्या घरात, पुढच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून मी कॅबिनेटची बाजू उघडली आहे. मागचा पंखा काढून, त्याची पाती ब्रशने साफ करून परत बसवला आहे. उरलेले स्क्रू मापाप्रमाणे दोन वाट्यांत ठेवले आहेत. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून चाकणहून येता आणि सेफ्टी शूज न काढताच माझ्यासमोर उभे राहता. "कुणी सांगितलं हात लावायला?" मी म्हणते, "धूळ झाली होती, अण्णा." "धूळ पुसायची तर फरशी पूस. मशीन हे तुझं काम न्हाई." मग तुम्ही स्वतः बाजू लावता, डब्याच्या पिशवीतून कंपनीचं लाल कुलूप काढून कडीत अडकवता आणि चावी खिशात टाकता. वाट्यांमधले स्क्रू तसेच राहतात.

त्या कुलपाचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. आता मी स्वतः चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे आणि माझ्या कमरेलाही तसंच कुलूप असतं. मशीनमध्ये हात घालण्याआधी वीज बंद करायची, स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि चावी स्वतःजवळ ठेवायची, म्हणजे आपला हात आत असताना दुसरं कोणी मशीन सुरू करू शकत नाही. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. तुम्ही हे रोज करत होता. माणसाचा हात वाचवणारी वस्तू तुम्ही एका हाताला दूर ठेवायला वापरलीत. मी चिडून लिहीत नाही. फक्त हे विसरलेली नाही.

त्यानंतर दर उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर हँग होऊ लागला. आई शेजारी टेबल फॅन लावून ठेवायची. आणि तुम्ही घरी येईल त्याला सांगायचात, "हिनं उघडलं तवापास्नं बिघडलंय." मला मेकॅट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला त्या दिवशी काका आणि आत्या पेढे घेऊन आले होते. तुम्ही म्हणालात, "ही काय कंपनीतल्या मशिनी चालवणार? घरची एक बंद पाडून बसलीय." सगळे हसले. तुम्ही आधी हसलात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. कंपनीचा माणूस हेल्मेट आणि चाव्या न्यायला आला तेव्हा आईने पूर्ण जुडगाच देऊन टाकला, त्यात ही चावीही गेली.

पुढच्या महिन्यात तुमचं श्राद्ध आहे. तेच काका आणि तीच आत्या जेवायला असतील. मी ठरवलं होतं की कॅबिनेट उघडायचं, खरं कारण शोधायचं आणि पंगतीत सगळ्यांसमोर सांगायचं की अण्णा खोटं बोलत होते. माझं वाक्यही तयार होतं. म्हणून मी दादाला नवीन घे म्हटलं नाही. मशीन भंगारात गेलं असतं तर पुरावाही गेला असता.

कुलूप मी नियमाने तोडलं. कुलपाचा मालक हजर नसेल तर आमच्या कंपनीत फॉर्म भरावा लागतो. तो मी भरला. 'कुलूपधारकाशी संपर्क केला का?' यापुढे 'शक्य नाही' लिहिलं. साक्षीदार म्हणून आईची सही घेतली. ती पेन हातात धरून बसली. "मी सही केल्याली त्यांला कळलं तर?" दादा म्हणाला, "आई, कर गं. ते कुठं सुपरवायझरकडे जाणारेत." मग मी बोल्ट कटर लावला. एका दाबात तुटलं.

आत धुळीचा जाड थर होता आणि प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. मला बरं वाटलं, कारण यात माझा काही संबंध नव्हता. मग मी मागच्या पंख्याकडे पाहिलं. पंख्याच्या चौकटीवर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो. तो बाहेरच्या बाजूला असायला पाहिजे. तो आत होता. आतली गरम हवा बाहेर फेकण्याऐवजी तो पंखा अकरा वर्षं हवा आतच ढकलत होता. त्या दिवसानंतर बाजू कोणीच उघडली नव्हती, म्हणजे तो मीच तसा बसवला होता.

तुम्ही बरोबर होता. पण आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी सोडणार नाही. कुलूप नसतं तर पहिल्याच उन्हाळ्यात मी तो बाण पाहिला असता आणि पंखा फिरवला असता. कुलूप तुमचं होतं. चावी तीन वर्षं तुमच्या खिशात होती. तुम्ही मेंटेनन्सचे माणूस होता, तरी बाजू उघडून एकदा डोकावलं नाहीत. माझी चूक दहा मिनिटांची होती. ती तुम्ही सांभाळून ठेवलीत, कारण ती तुमच्या उपयोगाची होती.

मी पंखा सरळ केला, पेस्ट नवीन लावली, धूळ काढली. तीन तास गेम चालू ठेवून तापमान बघितलं. मशीन अजून काही वर्षं सहज चालेल. दादाला सांगितलं, नवीन घेऊ नकोस. "नेमकं झालं काय होतं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पेस्ट वाळली होती. त्याने मान डोलावली. "म्हणजे अण्णा उगाच तुला बोलायचे." मी बाजू लावून स्क्रू आवळले. श्राद्धाच्या पंगतीत आता तोच सांगेल, आणि मी वाढत राहीन.

कॅबिनेटला आता कुलूप नाही. ते कोणीही उघडून बघू शकतं. म्हणून हे पत्र मी त्यात ठेवणार नाही.