सदूची परदेशी कोशिंबीर

सोमाटणे, शनवार संध्याकाळ, १९४६

काय लिहू, जीव थाऱ्यावर न्हाई. नातू सदू लढाईवरनं आलाय, ग्रीस देशात होता. आल्यापासनं जेवण नुसतं चिवडतोय. काल बोलला, "आजे, तितली एक म्हातारी काकडी-टमाट्याची कोशिंबीर द्यायची, तसली कर."

तसली म्हंजे कसली? मोठाल्या फोडी अन् वर कच्चं तेल. फोडणीच न्हाई! माझा हात सारखा कढईकडं जात होता. वर दूध नासवून केलेला खारट तुकडा लागतो म्हणे. आमच्यात दूध मुद्दाम कोण नासवतं? मी दह्याचा चक्का मीठ घालून, फडक्यात बांधून वरवंट्याखाली दाबला. पण ते कच्चं तेल! खाईल का पोरगं?

त्यानं ताटली मधी ठेवली. "बस, आजे. तितं समदी एकाच ताटलीतनं खात्यात."

"अरं, बाईमाणूस मागनं जेवतं."

"मग मी बी मागनं." अन् हाताची घडी घालून बसला की!

काय करते? बसले. एक फोड उचलली, तवा त्यानं घास घेतला. पोटभर जेवला गं बाई! मला मात्र लाजंनं गिळवंना, अन् हसू बी आवरंना.