सर्व्हरवरची पाच बोटं

१८ ऑक्टोबर १९९९, सोमवार

ऑफिसात आयुधपूजा झाली. कंप्युटरच्या खोलीत कोहळा फोडायचा नाही म्हणाले रघुपती सर, फरशी चिकट होते. बाहेर पायरीवर फोडला. सर्व्हरला कुंकू मात्र मीच लावलं, त्याची देखभाल माझ्याकडेच. इथली कानडी माणसं विभूतीचे तीन पट्टे ओढतात. आमच्या निपाणीकडच्या घरात ओल्या कुंकवात पाची बोटं बुडवून ओढायची रीत. माझी करंगळी वाकडी, लहानपणी दारात चेंगरलेली— पाचवी रेघ दरवर्षी तिरकीच जाते!

सर हसले. हसू देत. ह्यांची फॅक्टरी बंद पडल्यापासून आमचं घर त्या एका डब्यावर चाललंय. त्याची पूजा नको करू तर कुणाची करू?

२४ ऑक्टोबर, रविवार

बनशंकरीला मराठी मंडळींचा कंप्युटर क्लब. दोन कंप्युटर आणि त्यांच्यापुढे आम्ही सगळे रिकामटेकडे. शिकवतो अद्वैत. पुण्याचा पोरगा, मारतहळ्ळीजवळच्या नव्या डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे. आज तेच शिकवलं. म्हणे, आता कंपन्या आपापल्या ऑफिसात सर्व्हर ठेवणार नाहीत. सगळ्यांचे सर्व्हर एका इमारतीत. वीज दोन बाजूंनी, वर जनरेटर, अखंड गार हवा. माणसं आत जितकी कमी तितकं बरं, धूळ येत नाही.

भीमाचार्य म्हणाले, म्हणजे गावाच्या गुरांना एकच गोठा की! शाळेत संस्कृत शिकवत होते, निवृत्त झाले तरी खोडी गेली नाही. सगळे हसले. मीही हसले.

बसमध्ये डोक्यात आलं— गुरं तिकडे गेली की गुराख्यानं काय करायचं? अद्वैतला विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.

९ नोव्हेंबर

सर्व्हर नेला. वायटूकेच्या तपासणीला, म्हणाले सर. दोन हजार साल लागलं की जुनी मशीनं तारखा विसरणार म्हणतात, म्हणून. तोवर काम दुसऱ्या कुठल्याशा मशीनवरून चालेल. "स्वल्प दिवस, नयनाक्का." थोडेच दिवस म्हणे.

मुलगी सासरी गेल्यावर घर दिसतं तशी खोली दिसते. एसी मात्र चालू. स्वेटर घालून रिकाम्या जागेची राखण करतेय.

१६ नोव्हेंबर

अजून आला नाही. विचारलं की सर मुद्दाम फोन उचलून कानाला लावतात.

२८ नोव्हेंबर, रविवार

लिहू की नको.

क्लबची सहल अद्वैतच्या डेटा सेंटरला. दारात वहीत नावं लिहिली, चपला काढल्या, पायांत कापडी पिशव्या चढवल्या. आत नुसती घरघर आणि गारठा. कपाटंच कपाटं, दिवे लुकलुकताहेत, माणूस एक नाही. भीमाचार्यांना थंडी वाजली, बाकीचे त्यांना घेऊन बाहेर गेले. अद्वैत म्हणाला, काकू, तुम्ही जरा इकडून या.

कोपऱ्यातल्या कपाटाला जाळीचं दार. आत माझा सर्व्हर! बाजूला पाच बोटं. पाचवी तिरकी.

तपासणी कसली नि काय! कायमचाच हलवलाय. अद्वैत हळूच म्हणाला, "तुमच्या कंपनीचं नाव मी इथं सर्व्हर ठेवायच्या ऑर्डरवर वाचलं. तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून आणलं. माझं नाव मात्र कुठे घेऊ नका, काकू."

नाही घेणार म्हटलं. देवीशपथ म्हटलं.

घरी ह्यांना काही बोलले नाही. हे भाजी निवडत होते. फॅक्टरी सुटल्यापासून भाजी फार बारकाईनं निवडतात. मला ते बघवत नाही.

२ डिसेंबर

आज मात्र राहवलं नाही. सर म्हणाले, मशीन अजून तपासणीतच आहे. तोंडावर खोटं! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मला फसवू नका, सर. ते कुठे ठेवलंय ते मी या डोळ्यांनी बघून आलेय.

"दुसरं कुठलं तरी असेल."

"माझी पाच बोटं आहेत त्यावर. वाकड्या करंगळीसकट."

सर पांढरे पडले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जानेवारीत मला घरी बसवायचं ठरलं होतं, आयत्या वेळी सांगणार होते. मी म्हटलं, आत्ता साऱ्या युनियनला सांगते. कुणी दाखवलं, म्हणून तीनतीनदा विचारलं. नाव घेतलं नाही. मेले तरी घेतलं नसतं.

७ डिसेंबर

युनियनच्या धाकानं वाचले. आमच्या यशवंतपूरच्या ऑफिसातल्याच स्टोअरमध्ये बदली. नटबोल्टांची खोली, पंखासुद्धा कुरकुरतो. पण पगार तोच. रात्री ह्यांना सगळं सांगितलं. उठून देवाजवळ साखर ठेवली. मला रडू आलं.

रविवारी अद्वैतला बेसनाचे लाडू न्यायचे.

१२ डिसेंबर, रविवार

क्लबला कुलूप. पायरीवर भीमाचार्य एकटे. अद्वैत काल पुण्याला परत गेला. माझ्या कंपनीनं तक्रार केली, सेंटरवाल्यांनी दारातली वही उघडली. त्यात माझं नाव, माझ्याच अक्षरात, आणि पुढे— कोणी आणलं: अद्वैत. काढून टाकला. जाण्याआधी सर्व्हरवरचं कुंकू त्याच्याकडूनच पुसून घेतलं.

निरोप ठेवलाय: काकूंनी नाव घेतलं नाही, हे मला ठाऊक आहे.

लाडवांचा डबा तसाच परत आणला.